विमानाचं वाकडं नाक

स्पिनर म्हटलं की आपल्या हापिसातल्या दहातल्या नऊ जणांना कुंबळे नाहीतर अश्विन आठवतो. मला गेले तीन आठवडे वेगळाच स्पिनर आठवतोय, आणि तो आठवला की पोटात गोळा येतो. तेव्हा मंडळी, आजचं लिखाण जरा चिडून केलेलं आहे. कोणावर चिडलोय? पहिला नंबर माझा. दुसरा तुमचा. शिव्या जरूर घाला, पण आधी वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॉडेल विमानाच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, मधोमध नाकासारखा जो शंकू असतो तो स्पिनर. त्याचे भाग दोनच. मागे एक चपटी चकती, तिला बॅकप्लेट म्हणतात, आणि पुढे टोपीसारखा कोन. मोटरच्या शाफ्टवर आधी बॅकप्लेट जाते, मग प्रोपेलर, मग वॉशर, मग नट. नट आवळला की वरून कोन बसवायचा आणि दोन स्क्रू मारायचे. कोनाला दोन बाजूंनी खाचा असतात, त्यातून पाती बाहेर येतात. बस्स. पाच मिनिटांचं काम. निदान मला तसं वाटायचं.

आमचा चार-पाच जणांचा कंपू आहे. सगळे हिंजवडीत कामाला, सगळे डिग्रीवाले. शनिवारी पहाटे चाकणच्या पुढे, खेडच्या बाजूला एका शेतकरी आजोबांच्या माळावर आम्ही विमानं उडवतो. लोहगावच्या धावपट्टीपासून पुरेसं लांब, हाय टेन्शनच्या तारा नाहीत, आणि आजोबांना आमची गंमत वाटते. चाकणला विमानतळ होणार, होणार म्हणून या भागात वर्षानुवर्षं चर्चा झाली, आणि शेवटी २०१६ मध्ये तो पुरंदरकडे गेला. त्यामुळे इथून उडणारी विमानं सध्या तरी फक्त आमचीच :)

तर झालं असं. नवीन विमान होतं. इलेक्ट्रिक, दीड किलोच्या आसपास वजन, ११ इंची प्रोपेलर. शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता लक्षात आलं की मोटरच्या अ‍ॅडॉप्टरचा शाफ्ट ८ मिलिमीटरचा आहे आणि बॅकप्लेटचं भोक ६ चं. सकाळी साडेपाचला निघायचंय. मग काय केलं? घरातलं हँड ड्रिल काढलं, बॅकप्लेट पकडीत धरली, आणि ६ चं भोक ८ चं करून टाकलं. ड्रिलने पत्र्यासारखी पातळ चकती दोनदा गपकन ओढली. भोक ना धड गोल, ना धड मधोमध. पण शाफ्ट आत गेला! नट आवळला. कोनाच्या खाचा पात्यांना घासत होत्या, त्या कानशीने थोड्या खाल्ल्या, पण एका बाजूला पातं टेकतच राहिलं. कोन दाबून बसवला, स्क्रू मारले. हाताने फिरवून बघितलं तर स्पिनरचं टोक बारीक गोल फिरत होतं. म्हणजे लंगडत होतं.

आणि मी तो जगप्रसिद्ध शब्द उच्चारला. "चालतंय."

सकाळी माळावर मित्रानेही बघितलं. म्हणाला, "वॉबल आहे रे थोडा." मी म्हटलं, "चालतंय रे. उडाल्यावर कोण बघतंय?" तो हसला. मीही हसलो. आजोबांचा नातू, आठ-नऊ वर्षांचं पोरगं, आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आलं आणि विमानाच्या बाजूला, पंखाच्या थोडं पुढे, अगदी प्रोपेलरच्या रेषेत उभं राहिलं. तिथून सगळ्यात छान दिसतं ना! त्याला तिथे उभं राहू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. मी थ्रॉटल पुढे सरकवण्यात मग्न.

पाऊण थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी फाट् असा आवाज आला. कोन खाचेपाशी फुटला आणि त्याचा अर्धा तुकडा बाजूला सुटला. पोराने किटली छातीशी धरलेली होती, म्हणून तुकडा किटलीवर बसला. स्टीलच्या किटलीला बोटाच्या पेराएवढा पोचा आला. तिथून पोराचा चेहरा एक वीत वर होता.

पोरगं हसलं. त्याला वाटलं हा खेळाचाच भाग आहे. आम्ही कुणीच हसलो नाही. आजोबा लांबून ओरडले, "काय झालं रं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही आजोबा, किरकोळ."

ही माझी त्या दिवसाची दुसरी लाज.

आता थोडं गणित करू, कारण आपण इंजिनिअर आहोत म्हणे. ११ इंची प्रोपेलर म्हणजे २८ सेंटिमीटर व्यास. मिनिटाला १०,००० फेरे धरा. पात्याचं टोक सेकंदाला १४६ मीटर जातं, म्हणजे ताशी सव्वापाचशे किलोमीटर. आता स्पिनर. वजन ३० ग्रॅम धरा, आणि तो मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलाय असं समजा. अर्धा! बारावीचंच सूत्र आहे, वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे साडेसोळा न्यूटन. म्हणजे १.७ किलोचं वजन शाफ्टला एका बाजूला ओढतंय, आणि ती बाजू सेकंदाला १६७ वेळा फिरतेय. अख्खं विमान दीड किलोचं, आणि नाकावर बसलेली ३० ग्रॅमची टोपी त्याला त्याच्या वजनापेक्षा जास्त जोराने हलवतेय. मोटरचं बेअरिंग, पुढच्या लाकडी भिंतीचे स्क्रू, सर्व्होच्या वायरी, सगळं त्या थरथरीत. शिवाय पातं कोनाला जिथे टेकत होतं तिथे दर थरथरीला पाचर ठोकल्यासारखं होत होतं. फुटणार नाही तर काय?

हे गणित मला येत होतं. सूत्र पाठ होतं, परीक्षेत मार्कही पडले होते. शुक्रवारी रात्री हातात ड्रिल असताना मात्र ते आठवलं नाही. का आठवलं नाही, यावरच माझं सगळं भांडण आहे.

घरी आलो. बाबा टीव्हीसमोर होते. माझे बाबा भोसरी एमआयडीसीत तीसेक वर्षं टूलरूममध्ये होते. आयटीआय, फिटर ट्रेड. चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. मी फुटका स्पिनर टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बॅकप्लेट उजेडात धरली आणि तीन सेकंदांत म्हणाले, "भोक सेंटरला नाही. आणि तिकोनी झालंय. हातात धरून मारलंस ना?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"यात कळायचं काय? पातळ जॉबला ड्रिल असंच खातं."

मग त्यांनी विमान टेबलाच्या कडेला घट्ट बांधायला लावलं, बॅटरी काढून ठेवायला लावली, आणि पुस्तकांची चळत करून तिच्यावर एक पेन्सिल अशी ठेवली की तिचं टोक बॅकप्लेटच्या कडेपासून केसभर लांब. "आता हाताने फिरव." फिरवलं. अर्ध्या फेरीत टोक टेकायचं, अर्ध्या फेरीत फट दिसायची. डायल गेज नाही, लेझर नाही, अ‍ॅप नाही. पाच रुपयांच्या पेन्सिलीने माझी चूक भिंतीवर टांगली.

दुसऱ्या आठवड्यात ते मला भोसरीला त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन. त्या काकांनी बॅकप्लेट बाहेरच्या कडेवर सॉफ्ट जॉमध्ये धरली, डायल लावला, काटा जवळपास हलेनासा होईपर्यंत टुकटुक करत सेंटर केली. माझं वेडंवाकडं भोक बोअर करून मोठं आणि गोल केलं. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बुश दाबून बसवला. आणि सेटिंग न हलवता त्या बुशमध्ये ८ चं भोक केलं. अर्धा तास. शाफ्ट आत गेला तेव्हा हवा दाबल्यासारखा सावकाश गेला. मी पाचशेची नोट पुढे केली. काकांनी साडेतीनशे परत दिले. "काम दीडशेचंच आहे."

दीडशे रुपये. आमच्या सोमवारच्या स्टेटस कॉलमध्ये "माझा आवाज येतोय का" हे विचारण्यात क्लायंटचे यापेक्षा जास्त पैसे जातात.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या भाषेत 'फिटर' हा शब्द आपण कसा वापरतो ते आठवा. "अभ्यास कर, नाहीतर फिटर होशील." हे वाक्य मी ज्या घरात ऐकलं ते घर फिटरच्या पगारावर चालत होतं! बाबा स्वतःच म्हणायचे. त्यांना मुलाच्या हाताला काळं लागू नये असं वाटत होतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. हाताने काम करणारा खाली आणि कागदावर काम करणारा वर, ही उतरंड या देशात कारखाने येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून आहे. सुतार, लोहार, तांबट यांना आपण गावकुसात कुठे बसवलं ते सगळ्यांना माहीत आहे. कारखाने आले तेव्हा तीच उतरंड आपण शॉप फ्लोअरवर नेली, आणि पुढे आयटी पार्कात.

इंजिनिअरिंग कॉलेजात काय झालं? मी मेकॅनिकलचा. पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं. फिटिंगचा जॉब होता: दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा त्रिकोण, उजेडात धरलं तर फट दिसायला नको. आठवतंय? तो जॉब तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः केला? खरं सांगा. आमच्या बॅचमध्ये वर्कशॉपच्या मामांना चहा पाजून जॉब 'फिनिश' करून घ्यायची पद्धत होती, आणि जर्नल तर सरळ मागच्या बॅचचं. मीही तेच केलं. सहा महिने कानस धरायची संधी होती, ती मी दोन कप चहात विकली. पुढची तीन वर्षं आम्ही स्क्रीनवर असेंब्ली करत होतो. तिथे दोन भोकांना कॉन्सेंट्रिक म्हटलं की ती कॉन्सेंट्रिक होतात. एक क्लिक. ड्रिल ओढत नाही, पत्रा वाकत नाही, रात्रीचे साडेअकरा वाजलेले नसतात. त्या एका क्लिकच्या मागे भोसरीतला एक माणूस डायलकडे डोळे लावून बसलेला असतो, हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. आणि आम्ही विचारलंही नाही.

गंमत बघा, आपण राहतो कुठे? १९५४ मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी असं करत हा पट्टा यंत्रांनी भरला. २००९ मध्ये फोक्सवॅगन चाकणला आली. इथे बेअरिंगं बनतात, गिअर बनतात, गाड्यांची अख्खी इंजिनं बनतात. इथल्या निम्म्या सोसायट्यांमध्ये कुणी ना कुणी रिटायर झालेला टर्नर, फिटर, ग्राइंडर, टूल अँड डाय मेकर संध्याकाळी बाकावर बसलेला असतो. आणि आम्ही? प्रोपेलर कसा बसवायचा हे बघायला टेक्सासमधल्या कुठल्यातरी गॅरेजचा व्हिडिओ लावतो, दीडपट स्पीडने. शेजारच्या खोलीत बाबा मालिका बघत असतात.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. एकेक घेतो.

"अरे, फोमच्या विमानाला स्पिनर लागतोच कुठे?" बरोबर. नाहीच लागत. शिकाऊ विमान स्पिनरशिवाय मस्त उडतं. स्पिनरने हवा थोडी सुरळीत जाते, जुन्या मिथेनॉलच्या इंजिनांना स्टार्टरचा रबरी कप टेकवायला जागा मिळते, आणि विमान दिसतं छान. तुमच्या विमानाला गरज नसेल तर लावू नका, साधा गोल डोक्याचा नट लावा. माझी काही हरकत नाही. पण लावायचा तर सरळ लावा. न लावलेला स्पिनर कुणाला इजा करत नाही, वाकडा लावलेला करतो. आपल्याकडे गोची अशी की आपल्याला लावायचा तर असतो, कारण फोटोत छान दिसतो, पण सरळ लावायला वेळ नसतो.

"मग महागाचा घे ना, सीएनसीचा, इम्पोर्टेड." घेतला. (हो, आता घेतलाय.) त्याची बॅकप्लेट खरंच सुंदर आहे. पण त्याला माझा शाफ्ट माहीत नाही, माझ्या प्रोपेलरच्या बुंध्याची जाडी माहीत नाही, पात्याचा आकार माहीत नाही. शेवटचा अर्धा मिलिमीटर कुठल्याच डब्यात मिळत नाही. तो ज्याच्या हातात विमान आहे त्यालाच करावा लागतो. ज्यांनी कधी रेडीमेड लायब्ररी आपल्या जुनाट कोडला जोडलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लायब्ररी उत्तमच असते. बग नेहमी सांध्यात असतो.

"थ्रीडी प्रिंटर आहे की!" आहे. त्याने छापलेला कोन थरांच्या रेषेवरच उकलतो, आणि छापून आल्यावरही तो शाफ्टवर सरळ बसलाय की नाही हे पेन्सिल लावूनच बघावं लागतं.

"माझ्या एका तासाची किंमत काय आहे माहितीये का?" माहितीये. त्या पोराच्या डोळ्याची किंमतही जरा काढून ठेव.

आणि शेवटचा, माझा सगळ्यात लाडका: विमानाचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांचा फॉरवर्ड टाकतोच. १८९५, चौपाटी, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, वगैरे. उड्डाण झाल्याचा भक्कम पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो ते १९७४ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीतल्या पाच जणांनी तपासलं आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं लिहिलं. तळपदे धडपडे गृहस्थ असणार, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझा राग फॉरवर्ड करणाऱ्यांवर आहे. त्यांच्या विमानाला नट नसतो, वॉशर नसतो, बॅलन्सिंग नसतं. ते नुसत्या अभिमानावर उडतं.

राइट बंधूंचं काय झालं होतं ते बघा. नोव्हेंबर १९०३, किटी हॉक. इंजिन तयार, पंख तयार, आणि अडलं कशावर? प्रोपेलरच्या शाफ्टवर. शाफ्टवरची चेनची चक्रं सारखी ढिली व्हायची. नट कितीही आवळा, इंजिनाच्या झटक्यांनी पुन्हा सैल. शेवटी या सायकलवाल्या भावांनी सायकलचे टायर चिकटवायचा सिमेंट ओतून ती घट्ट केली. मग पोकळ शाफ्टला तडा गेला. ऑर्व्हिल आगगाडीने डेटनला परत गेला, भरीव स्प्रिंग स्टीलचे नवे शाफ्ट बनवून घेऊन आला, आणि मग १७ डिसेंबर उजाडला. "चालतंय" म्हणाला असता तर १७ डिसेंबरला आपण फक्त सोमवारची वाट बघत असतो. आणि त्यांचं इंजिन कुणी बनवलं? चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकने, साधारण सहा आठवड्यांत, लेथ आणि ड्रिलवर. त्याचं नाव शाळेत कुणी शिकवलं होतं तुम्हाला? म्हणजे फिटरला विसरण्यात आपण एकटे नाही. पण निदान त्यांनी शाफ्ट तरी बदलला.

आणि आपल्याकडे जमत नाही असंही नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते ठेवलं होतं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. आपल्या गप्पांत त्यातलं काय उरलं? गच्ची, परवानग्या आणि सरकारी फायली. त्या गच्चीवर एकेक रिव्हेट किती वेळा काढून परत मारली असेल, हे कुणीच बोलत नाही. मला आता फक्त तेवढंच ऐकायचंय.

नुसतं चिडून उपयोग नाही, म्हणून आम्ही माळावर आता काय करतो ते सांगतो. शाफ्ट व्हर्नियरने मोजायचा, अंदाजाने नाही. भोक मोठं करायचं तर पायऱ्यांचा रीमर वापरायचा. त्याची आधीची पायरी जुन्या भोकात बसते आणि पुढच्या पायरीला मधोमध धरून ठेवते. प्रोपेलर एकटा बॅलन्सरवर तोलायचा. जड पातं खाली जातं, त्याला पॉलिश पेपर मारायचा किंवा हलक्या पात्याला टेपचा तुकडा. खाचेत आणि पात्यात चारी बाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट पाहिजे, पातं कोनाला कुठेही टेकता कामा नये. बॅकप्लेट आणि विमानाच्या नाकात दोन-तीन मिलिमीटर फट. नटाच्या पुढे शाफ्टचे आटे दिसले पाहिजेत. लाकडी प्रोपेलर दोन-चार उड्डाणांनी दबतो, तेव्हा नट पुन्हा तपासायचा. मग पेन्सिल. आणि पूर्ण थ्रॉटल पहिल्यांदा विमान बांधून, सगळे जण विमानाच्या मागे उभे असताना. बाजूला कुणीही नाही. इलेक्ट्रिक मोटर हात लागला म्हणून थांबत नाही, उलट आणखी जोर लावते, म्हणून बॅटरी सगळ्यात शेवटी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वतः बसवलेला प्रोपेलर दुसऱ्याने तपासल्याशिवाय फिरवायचा नाही. एका बटणाचा रंग बदलला तरी आपण कोड रिव्ह्यू मागतो, दोन अप्रूव्हल लागतात. ताशी पाचशे किलोमीटरने फिरणाऱ्या पात्याला मात्र रिव्ह्यू नाही? मित्राने "वॉबल आहे" म्हटलं तेव्हा तो रिव्ह्यूच होता. मी तो हसण्यावारी नेला, आणि त्याने नेऊ दिला. "चालतंय" म्हणणाऱ्याइतकाच ते ऐकून गप्प बसणाराही जबाबदार, हे आमचं आता एकमताने ठरलंय.

आजोबांना मी पुढच्या शनिवारी जाऊन खरं काय ते सांगितलं. नवी किटलीही दिली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशीच सांगायचं व्हतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यांनी आम्हाला माळावर यायचं बंद केलं नाही. केलं असतं तरी मला तक्रार करायला तोंड नव्हतं. नातू आता येतो तेव्हा विमानाच्या मागे उभा राहतो आणि इतरांनाही हात धरून मागे ओढतो.

असो. बरंच झालं. तुमच्या घरात, सोसायटीत, खालच्या बाकावर कुणी जुना टर्नर-फिटर असेल, तर या रविवारी एक तास त्याच्यापाशी बसा. मुलाखत घ्यायला नको, सत्कार तर मुळीच नको. एखादी वाकडी बसलेली वस्तू घेऊन जा आणि विचारा, "काका, हे कुठे चुकलं?" तीन सेकंदांत उत्तर मिळेल. ते ऐकताना थोडं लाजल्यासारखं होईल. होऊ द्या.

परवाच्या शनिवारी बाबा आमच्याबरोबर माळावर येताहेत. पहिल्यांदाच. मी म्हटलं, साडेपाचला निघायचंय. ते म्हणाले, "पाचलाच उठव. आणि तो नट मी बघितल्याशिवाय आवळू नकोस."